लाकडी खुर्ची, जुनी, नग एक

रघुवीरराव सबनिसांनी आयुष्यात एकच मोठं दान केलं, आणि तेही रागाच्या भरात. एरवी त्यांचा हात आखडताच असे. पण त्या एका दानानं त्यांना पुढे जेवढं पळवलं, तेवढं हात सैल सोडणाऱ्यांनाही कधी पळावं लागलं नसेल.

दान होतं खुर्चीचं. इंदूरला होळकरांच्या दरबारात कोणी उभं राहायचं, कोणी जाजमावर बसायचं आणि कोणाला खुर्ची मिळायची हे ठरलेलं असे, आणि रघुवीररावांच्या आजोबांना खुर्चीचा मान मिळाला होता. ती खुर्ची पुढे घरी आली. घरी आल्यावर मात्र तिच्यावर कोणी बसलं नाही, खुद्द आजोबाही नाहीत. ते खुर्चीशेजारी सतरंजीवर बसत आणि आल्यागेल्याला ती दाखवत. खुर्चीवर मखमलीचा गलेफ होता. त्याची झालर जमिनीपर्यंत लोळे, आणि वर पाठीच्या टोकावरचा लाकडी सिंह तेवढा उघडा राही. दसऱ्याला त्या सिंहाला हळदकुंकू वाहत. घरात नवी सून आली की तिला खुर्चीच्या पाया पडायला लावत.

"मी आधी खुर्चीच्या पाया पडले, मग सासूबाईंच्या," द्वारकाबाई, म्हणजे रघुवीररावांच्या पत्नी, सांगत. "दोघींत खुर्ची बरी. तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही."

आजोबा गेले आणि त्यांच्या दोन मुलांत खुर्चीवरून जुंपली. थोरले म्हणाले, मान थोरल्या पातीचा. धाकटे, म्हणजे रघुवीररावांचे वडील, म्हणाले, दरबारची नोकरी मी करतो, खुर्ची माझ्याकडे राहील. एका सकाळी थोरले काका बायकोमुलाला घेऊन टांग्यात बसले ते थेट धुळ्याला सासुरवाडीला गेले आणि तिथलेच झाले. त्या टांग्यात दहा वर्षांचा दिनानाथ होता. इकडे ओट्यावर सहा वर्षांचा रघू उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहून हातसुद्धा हलवला नाही, कारण दोघांचे वडील बघत होते.

त्यानंतर दर दसऱ्याला धुळ्याहून एक पोस्टकार्ड येई. मजकूर ठरलेला: "सोन्यासारखे राहा. खुर्ची केव्हा पाठवता?" पंचेचाळीस वर्षांत शब्द बदलला नाही. मग होळकरशाही गेली, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं. हुजूर कचेरीत बत्तीस वर्षं मसुदे लिहिणाऱ्या रघुवीररावांची जागा नव्या सरकारच्या हिशेबात जादा ठरली, आणि त्यांना पेन्शन देऊन घरी बसवण्यात आलं. त्याच वर्षीच्या दसऱ्याला कार्ड आलं, पण अक्षर वेगळं होतं. "बाबा गेले. सोन्यासारखे राहा. खुर्ची केव्हा पाठवता? – दिनानाथ."

आठ दिवसांत रघुवीररावांनी खुर्ची गलेफासकट सरकारला देऊन टाकली.

"तुला ना मला, घाल कुत्र्याला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"राष्ट्राला," रघुवीररावांनी दुरुस्ती केली.

सरकारच्या वस्तुसंग्रह शाखेनं तेव्हा जुन्या बग्गीखान्यात एक दालन उघडलं होतं. लोकांनी आपल्या घरच्या ऐतिहासिक चिजा आणून द्याव्यात असं जाहीर आवाहन होतं, आणि लोकांनीही ज्या चिजांना घरी जागा नव्हती त्या सढळ हातानं आणून टाकल्या होत्या. तिथल्या कारकुनानं पावती केली: "लाकडी खुर्ची, जुनी, नग एक." रघुवीररावांनी 'दरबारी' हा एक शब्द घालण्यासाठी पाऊण तास वाद घातला. कारकुनानं रजिस्टर फिरवून दाखवलं. रकाने तीनच होते, कशाची, कशी आणि किती. मानाचा रकाना नव्हता. ती पावती रघुवीररावांनी घडी करून देव्हाऱ्यात ठेवली आणि धुळ्याला लिहिलं की खुर्ची आता सरकारी दालनात आहे, काचेत आहे, नावाच्या पाटीसह आहे, आणि तिच्यावर पहारा आहे. यातला पहारा तेवढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दारात एक पहारेकरी होता खरा.

धुळ्याची कार्डं बंद झाली. चार वर्षं गेली. आपण जिंकलो असं रघुवीररावांना वाटायला हवं होतं, पण दसऱ्याला पोस्टमन नुसताच पुढे निघून गेला की त्यांना चुकल्यासारखं होई. खुर्ची बघायला मात्र ते एकदाही गेले नाहीत. दिलेली वस्तू बघायला जाणं म्हणजे लग्न लावून दिलेल्या मुलीच्या घरी रोज जाण्यासारखं, असं ते म्हणत. त्यांना मुलगी नव्हती.

आणि त्रेपन्न सालच्या फाल्गुनात दिनानाथचं पत्र आलं. या वेळी लिफाफा होता.

"चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद. छातीचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणतात यापुढे प्रवास करता यायचा नाही, म्हणून आत्ताच करून घेतो. बुधवारी मोटारीनं निघतो. इंदूर बघायचं आहे असं घरी सांगितलं आहे. खरं म्हणजे खुर्ची बघायची आहे. मागायला येत नाही, बघायला येतो."

शेवटचं वाक्य रघुवीररावांनी तीनदा वाचलं. भांडायला येणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे अवघड होतं.

*

सल्ला मागायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. शेजारचे बाबूराव, मिलमध्ये टाइमकीपर, दुसऱ्यांच्या घरचा लिफाफा भिंतीपलीकडून ओळखत.

"पाहुणे येताय ना, रघुवीरजी? मग एक काम करा," बाबूराव ओट्यावर मांडी घालून बसले. "पहिल्या दिवशी राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि बोलिया सरकारची छत्री. दुसऱ्या दिवशी काचमंदिर, बडा गणपती, आणि टाइम भेटला तर बिजासन टेकडी. लालबाग बाहेरूनच. रात्री सराफ्यात नेऊन खिलवा. आदमी खुश होऊन जाईल भिया."

"छातीचा पेशंट आहे तो."

"मग टेकडी कॅन्सल," बाबूराव उदारपणे म्हणाले. "आणि खुर्चीचं आधी बघून या. सरकारी चीज आहे, म्हणून सांगतो."

हा सल्ला चांगला होता, आणि म्हणूनच रघुवीररावांना राग आला. तरी दुसऱ्या दिवशी ते बग्गीखान्याकडे गेले. दालनाला हे मोठं कुलूप. दारात लक्ष्मण पहारेकरी एका हिरव्या खुर्चीवर बसून तंबाखू मळत होता. रघुवीरराव दिसताच तो अदबीनं उठला आणि त्यानं खुर्ची फडक्यानं झटकली.

"बैठो बाबूजी. हॉल तो बंद है."

"बंद? का बंद?"

"गिनती चालू है."

म्हणजे वस्तूंची मोजदाद चालू होती. आत कोणी मोजताना दिसत नव्हतं, कारण यादी ग्वाल्हेरला गेली होती. पूर्वी सरकार म्हटलं की एकच माणूस असे, आणि तो महालात आहे की शिकारीला गेला आहे हे इंदूरच्या टांगेवाल्यालाही माहीत असे. आताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदूरला. वर्षातून दोनदा फायली, टाइपरायटर, टेबलं, खुर्च्या आणि साहेबलोक ट्रकांत भरून आग्रा रोडनं इकडून तिकडे जात. कुठली गोष्ट कुठे आहे असं विचारलं की हमखास एकच उत्तर मिळे. ती तिकडे आहे.

रघुवीरराव त्या हिरव्या खुर्चीवर बसले. खुर्ची डुगडुगत होती. बैठकीला नुसती फळी ठोकलेली, पाठ वरून बोडकी, आणि अंगाला सरकारी हिरवा रंग इतका जाड फासलेला की बोटाला चिकटतो की काय असं वाटे. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर होता, ११७.

"माझ्या आजोबांच्या घोड्याचा मोतद्दारसुद्धा असल्या खुर्चीवर बसला नसता," ते लक्ष्मणला म्हणाले.

"हां बाबूजी, चुभती है," लक्ष्मणनं कबूल केलं.

शेजारच्या ऑफिसात शाखेचे मुख्य कारकून जयसिंगराव होते. जुने होळकरी. कचेरीतल्या दिवसांपासून रघुवीररावांना ओळखणारे.

"सबनीस साहेब, तुमच्यासाठी जान हाजिर," जयसिंगराव म्हणाले. "पण कुलूप नाही. मोजदाद चालू असताना हॉल खोलायचा तर सुपरिंटेंडेंट साहेबांची ऑर्डर लागते, आणि साहेब ग्वाल्हेरला. तुम्ही अर्ज द्या."

रघुवीररावांनी घरी येऊन अर्ज लिहिला. बत्तीस वर्षांचा मसुदेबाजीचा हात होता. 'विज्ञापना विशेष' पासून सुरुवात करून त्यांनी घराण्याचा इतिहास, खुर्चीचा इतिहास आणि दिनानाथच्या छातीचा इतिहास असे चार बंद सजवले. दुसऱ्या दिवशी जयसिंगरावांनी ते वाचून डोळे पुसले आणि परत दिले.

"सुरेख आहे. पण मराठीत आहे. आता सगळं हिंदीत जातं."

रघुवीररावांची हिंदी भाजीबाजारात चाले, कागदावर आली की लंगडे. शेवटी बाबूरावांनी अर्ज हिंदीत करून दिला. त्यात चार बंदांच्या चार ओळी झाल्या आणि आजोबा पूर्णपणे वगळले गेले. तो घेऊन रघुवीरराव पुन्हा हिरव्या खुर्चीवर तासभर बसले. जयसिंगरावांनी अर्जावर बोट ठेवलं.

"भेटीचा उद्देश काय लिहिलाय हे? पाहणे?"

"मग संग्रहालयात दुसरं काय करतात?"

"दुरुस्ती, तपासणी किंवा चौकशी. तीनच उद्देश चालतात. नुसतं पाहायला म्हणून लिहिलं तर साहेब विचारतील, कशाला पाहायचंय."

रघुवीररावांनी 'चौकशी' लिहिलं. अर्ज ग्वाल्हेरला गेला. बुधवार उजाडला आणि दिनानाथ आला.

*

मोटार मानपुरला तापली, महूला बिघडली आणि दोन तास उशिरा इंदूरला पोचली. आतून सर्वांत शेवटी एक उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उतरला. रघुवीररावांनी पन्नास वर्षांत त्याला पाहिलं नव्हतं, पण चालताना डावा खांदा उडवायची लकब त्यांनी लांबून ओळखली.

"मोटारीला उशीर झाला," दिनानाथ म्हणाले.

"हो. होतो," रघुवीरराव म्हणाले.

घरी द्वारकाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. दिनानाथ बैठकीच्या खोलीत आले आणि खिडकीखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. चार वर्षांत तिथे दुसरं काही ठेवायला कोणी धजलं नव्हतं.

"इथेच होती ना रे?"

"इथेच. आता काचेत आहे," रघुवीरराव म्हणाले. "परवा जाऊ. आधी गाव बघून घे, दिनूदादा."

परवापर्यंत हुकूम येईल अशी त्यांना आशा होती. आशेला काही आधार नव्हता.

पहिल्या दिवशी टांगा ठरवून बाबूरावांच्या यादीनं सुरुवात झाली. राजवाड्यासमोर दिनानाथांनी टांग्यातूनच मान वर केली, मजले मोजले, सात भरले. "चढायचे आहेत का?" त्यांनी काळजीनं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "मग छान आहे." कृष्णपुऱ्याला ते पहिल्याच पायरीवर बसले आणि धापा टाकत म्हणाले की छत्र्या फार सुंदर आहेत, पण मेलेल्यांच्या आहेत, त्यांना काही घाई नाही, तू वर जाऊन बघून ये. रघुवीरराव एकटेच वर गेले. ज्या गावात जन्म गेला त्या गावची छत्री आपण आज पहिल्यांदाच नीट बघतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि उगीचच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काचमंदिर. भिंतीला काच, छताला काच, पायाखाली काच, आणि प्रत्येक काचेत दिनानाथ. दोनशे दिनानाथ एकदम छातीवर हात ठेवून उभे राहिले.

"एक दमेकरी पुरत नव्हता," ते म्हणाले. "चल बाहेर."

बाहेर टांग्यात बसल्यावर त्यांनी आधी श्वास जागेवर येऊ दिला. मग म्हणाले, "रघू, तुझं गाव उत्तम आहे. पण मला दाखवू नकोस आता. खुर्ची तेवढी दाखव."

वाटेत ते जुन्या गोष्टी बोलत राहिले. झालर जमिनीपर्यंत असे, त्यामुळे खुर्चीखाली तंबूसारखी जागा होई. दुपारी आजोबा झोपले की दिनू झालर उचलून आत शिरे आणि रघू बाहेर पहाऱ्यावर उभा राही. कोणी आलं की त्यानं खोकायचं.

"तू कधी आत आलाच नाहीस."

"भीती वाटायची," रघुवीरराव म्हणाले. "मी फक्त वरचा सिंह पाहिलेला. तोही लांबून."

"चिंचोके आठवतात? गल्लीतल्या पोरांचे आपण जिंकले होते ते?"

"आठवतात. तू कुठेतरी लपवलेस, आणि मला सांगायच्या आत गेलास."

दिनानाथ हसले.

त्या संध्याकाळी रघुवीरराव एकटेच जयसिंगरावांच्या घरी गेले. हुकूम आला नव्हता, यायचाही नव्हता. रघुवीररावांनी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. "माझा भाऊ उद्याच्या मोटारीनं जातोय. तो पुन्हा येणार नाही," ते म्हणाले.

जयसिंगरावांनी उठून दार लोटून घेतलं. "सकाळी आठला या. ऑफिस दहाला भरतं. मी कुलूप काढलेलं नाही आणि तुम्ही आत गेलेला नाहीत. दस मिनट."

*

सकाळी टांगा बग्गीखान्याच्या फाटकाशी थांबला. तिथून दारापर्यंत पन्नास पावलं होती. दिनानाथ ती चालले, पण दाराशी आल्यावर त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. लक्ष्मणनं न सांगता हिरवी खुर्ची पुढे केली.

"बैठो साब, बैठो. पानी लाता हूँ."

"तू बस इथे," रघुवीरराव म्हणाले. "मी आधी आत जाऊन जरा झटकून घेतो. मग तुला नेतो."

हे झटकण्यासाठी नव्हतं. चार वर्षांत खुर्चीचं काय झालं असेल, वाळवी लागली असेल का, हे आधी आपण एकट्यानं बघावं, असं त्यांच्या मनात होतं. जयसिंगरावांनी कुलूप काढलं. आत अंधार, धूळ, चार तलवारी, एक पालखीचा दांडा आणि कोणाच्या तरी घरचे अकरा अडकित्ते. शेवटच्या कोपऱ्यात लाकडी चौथरा होता. त्याच्याभोवती लाल दोरी लावलेली होती. चौथऱ्यावर पाटी होती, सुंदर अक्षरातली: "सबनीस घराण्याची दरबारी खुर्ची. कृपया बैठें नहीं."

दरबारी हा शब्द शेवटी आला होता. चौथऱ्यावर खुर्ची नव्हती.

रघुवीरराव दोरीला धरून उभे राहिले. जयसिंगराव जवळ आले, चौथऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे वाकून पाहिलं.

"होती इथेच," ते म्हणाले. "मागे एका शिफ्टिंगमध्ये ऑफिसला एक खुर्ची कमी पडली होती... पण पाटी आहे बघा. रेकॉर्ड शाबूत आहे."

"माझा भाऊ बाहेर बसलाय," रघुवीरराव म्हणाले.

त्यांना लाज वाटली. सरकारची नव्हे, स्वतःची. धुळ्याला पाठवली असती तर खुर्ची आज एका घरात असती, तिच्यावर गलेफ असता, दसऱ्याला तिला कुंकू लागलं असतं. फक्त त्या घरात आपण नसतो. एवढ्यासाठी त्यांनी ती घालवली होती. दारापर्यंत येता येता त्यांनी ठरवलं की खोटं बोलायचं.

बाहेर लक्ष्मण पायरीवर उकिडवा बसून दिनानाथांशी गप्पा मारत होता. दिनानाथांचा श्वास आता बराच शांत झाला होता. त्यांचा एक हात मांडीवर होता, दुसरा बैठकीच्या फळीखाली.

"दादा, आत चुन्याचं काम काढलंय," रघुवीरराव म्हणाले. "भयंकर धूळ आहे. तुला सोसायची नाही. मी बघितली. छान आहे. काचेत आहे."

"बरं," दिनानाथ म्हणाले.

"पाटी आहे. नाव आहे आपलं."

"छान झालं." दिनानाथांनी फळीखालचा हात बाहेर काढला आणि पुढे केला. "हात दाखव."

रघुवीररावांनी तळहात पुढे केला. दिनानाथांनी त्यावर एक एक करून तीन चिंचोके ठेवले. काळे पडलेले, मेणाचे डाग लागलेले.

"मागच्या पायाच्या सांध्यात खोबण होती. मी मेणानं बुजवली होती. वर रंग बसलाय, तो नखानं काढावा लागला," ते म्हणाले. "एकूण सात होते. तीन तुझे, तीन माझे. सातवा कोणाचा यावर आपलं भांडण चाललं होतं, आणि तेवढ्यात टांगा आला."

रघुवीररावांनी पहिल्यांदाच त्या हिरव्या खुर्चीकडे नीट पाहिलं. रंगाच्या थराखाली पायांना सिंहाचे पंजे होते. पाठ वरून करवतीनं सरळ कापलेली होती.

"ये अंदर की है बाबूजी," लक्ष्मणनं माहिती दिली. "ग्वालियर जाके आई. ऊपर शेर था, वो ट्रक में अटकता था, तो काट दिया. मजबूत है लेकिन. वहाँ की दो टूट गई, ये नहीं टूटी."

गेल्या आठवड्यात या खुर्चीवर बसून आपण या खुर्चीसाठीच तीनदा ताटकळलो, तिला नावं ठेवली, हे रघुवीररावांना आठवलं. त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायलासुद्धा त्यांना सुचलं नाही.

"दादा, मी ती तुला द्यायला नको म्हणून—"

"माहीत आहे रे. आम्हीही मागत होतो ते तुझ्याकडे राहू नये म्हणूनच. धुळ्याला आमच्या दोन खोल्यांत ठेवली कुठे असती?" दिनानाथ हळूहळू उठले. "मला दिसली. बसायलाही मिळालं. आजोबांनाही ते दरबारातच मिळालं होतं. आता तू बस."

"मी कशाला?"

"बस म्हणतो ना. मी उभा राहतो पहाऱ्यावर. कोणी आलं तर खोकेन."

रघुवीरराव बसले. दिनानाथ दाराकडे तोंड करून उभे राहिले. मिनिटभरानं त्यांना खरोखरीच खोकल्याची उबळ आली आणि जयसिंगराव दचकून कुलूप लावायला धावले. निघताना दिनानाथांनी वाकून सातवा चिंचोका पुन्हा खोबणीत सारला.

"हा राहू दे. पुढच्या खेपेला ठरवू," ते म्हणाले.

त्या दुपारच्या मोटारीनं ते धुळ्याला गेले. या वेळी दोघांनी हात हलवले, मोटार वळेपर्यंत.

*

वैशाखात धुळ्याहून तार आली. रघुवीररावांनी दहा दिवस सुतक पाळलं. बाबूराव समाचाराला आले तेव्हा म्हणाले, "बरं झालं रघुवीरजी, इंदूर पाहून गेले." रघुवीररावांनी मान डोलावली.

ज्येष्ठात सरकार इंदूरला आलं. त्याच्याबरोबर ट्रकातून रघुवीररावांचा अर्जही परत आला, आणि त्याचं उत्तर बग्गीखान्यातून निघून टपालानं अर्ध्या मैलावरच्या त्यांच्या घरी पोचलं. रघुवीररावांनी ते द्वारकाबाईंना वाचून दाखवलं.

"आपके प्रार्थनापत्र के संबंध में सूचित किया जाता है कि उक्त कुर्सी इस संग्रह में नहीं पाई गई. यदि आपके परिवार के पास ऐसी कोई ऐतिहासिक वस्तु हो, तो शासन उसे सधन्यवाद स्वीकार करेगा."

"म्हणजे काय झालं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे खुर्ची नाही. असली तर द्या."

द्वारकाबाईंना काहीतरी झोंबणारं बोलायचं होतं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्या नुसतंच "चहा ठेवते" म्हणाल्या. रघुवीरराव चहासाठी थांबले नाहीत. कागद खिशात घालून ते उन्हात बग्गीखान्याकडे चालत गेले. लक्ष्मण दारात होता. तो उठला, फळी झटकली.

"बैठो बाबूजी. आज क्या काम?"

"काही नाही. बसायला आलोय."

ते बसले. खुर्ची डुगडुगली, मग स्थिरावली. खिशातून कागद काढून त्यांनी पुन्हा एकदा वाचला.

"सरकारी चिठ्ठी है? क्या बोलते हैं?"

"खुर्ची मागतायत."

"तो दे दो ना बाबूजी," लक्ष्मण तंबाखू मळत म्हणाला. "घर में पडी होगी तो क्या काम की?"

रघुवीररावांनी कागदाची घडी केली. मग डावा हात फळीखाली नेला आणि मागच्या पायाचा सांधा बोटांनी चाचपला. चिंचोका तिथेच होता. त्यांनी तो काढला नाही, फक्त बोट त्याच्यावर ठेवून बसून राहिले. ऑफिस सुटायची वेळ झाली तेव्हा लक्ष्मण खाकरला आणि म्हणाला की आता उठावं लागेल, खुर्ची सरकारी आहे, आत घ्यायची आहे.